शब्द बदलले म्हणजे सारांश झाला?

प्रबंध लिहिणाऱ्यांमधला सगळ्यांत चिवट समज हाच: मूळ परिच्छेदातले शब्द बदलले की सारांश आपला. समजा, पुस्तकात वाक्य आहे, ‘दुष्काळात गावातला मजूर शहराकडे वळला आणि गिरणीजवळच्या चाळीत स्थिरावला.’ त्याचं ‘अवर्षणात खेड्यातला श्रमिक नगराकडे वळला आणि मिलजवळच्या चाळीत स्थिर झाला’ असं केलं, तर फक्त शब्दकोशाला काम मिळालं. वाक्याची घडण दुसऱ्याचीच. अमेरिकी अभ्यासक रिबेका मूर हॉवर्ड यांनी १९९३मध्ये अशा लेखनाला ‘पॅचरायटिंग’ म्हटलं. ते बहुधा लबाडीतून नव्हे, तर मजकूर पुरता न उमगल्यामुळे घडतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. म्हणूनच पुस्तक मिटून लिहावं आणि मग मूळ पानाशी ताडून पाहावं. ‘गिरणी कामगारांच्या वस्त्या वाढण्यामागे लेखकाला दुष्काळ हे मोठं कारण वाटतं’ हा झाला सारांश. मात्र विचार लेखकाचाच, त्यामुळे संदर्भ द्यायचाच.

‘दहा टक्के चालतं’ हे तर कँटीनमधलं ब्रह्मवाक्य. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे खरं. पण तेवढी उचलेगिरी करायची ती परवानगी नव्हे. त्याच नियमांनुसार गोषवारा, निरीक्षणं, निष्कर्ष यांत साम्य असता कामा नये. सूट आहे ती सामान्य ज्ञानाला किंवा योगायोगाने जुळलेल्या, फार तर सलग १४ शब्दांना. शिवाय साम्य तपासणारं सॉफ्टवेअर जुळणारे शब्द मोजतं, चोरी ओळखत नाही. अवतरणचिन्हांतला, संदर्भ दिलेला उतारा ते रंगवू शकतं आणि इंग्रजी पुस्तकातून गुपचूप मराठीत आणलेलं प्रकरण त्याच्या नजरेतून सुटू शकतं. ते पुस्तक गाईडने वाचलेलं असलं, की मग पंचाईत! भाषांतरालाही संदर्भ लागतोच.

कॉपीराइट संपला तरी श्रेय संपत नाही. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी पुस्तक कोणीही छापू शकतं. १८९०मध्ये निवर्तलेल्या जोतीराव फुल्यांचं लेखन असंच खुलं आहे. पण त्यांचा युक्तिवाद प्रबंधात बिननावाने मांडला, तर ते वाङ्मयचौर्यच.

नकळत होणारी चोरी बहुतेकदा टिपणवहीतच सुरू होते. मूळ वाक्य उतरवताना तिथल्या तिथे अवतरणचिन्हं आणि पान क्रमांक टाकला नाही, तर सहा महिन्यांनी ते स्वतःचंच वाटू लागतं.