सदाफुली : वंदनेला हवी, पोटात नको



चाळीत किंवा झोपडपट्टीत बाग कुठे करायची, असे आम्हाला अनेकजण विचारतात. सदाफुलीला तेलाचा रिकामा डबाही पुरतो. हे दोन-तीन फुटांचे झुडूप मूळचे मादागास्कर बेटावरचे. खारा वारा, रेताड जमीन, कडक ऊन सारे सोसते. आपल्याकडे ते भिंतीच्या फटीतसुद्धा उगवते. पान कडू, म्हणून शेळ्याही सहसा तोंड लावत नाहीत. फुले मात्र बारमाही, गुलाबी नाहीतर पांढरी.

डब्याच्या तळाला चार भोके पाडा. दोन भाग माती, एक भाग रेती, एक भाग कुजलेले शेणखत भरा. वाळलेल्या शेंगेतले काळे बी टाकून वर मातीचा पातळ थर द्या. हे बी अंधारात चांगले रुजते. रोप आले की डबा उन्हात ठेवा. माती सुकल्यावरच पाणी घाला, साचले तर मूळ कुजते. शेंडे खुडले की फांद्या फुटतात, फुले वाढतात.

रोजच्या वंदनेला विकतचा हार कशाला? घरची चार फुले तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे ठेवावीत. कोमेजलेले फूल दाखवून मुलांना अनित्यता समजावून सांगता येते.

आता महत्त्वाचे. आमच्या वस्तीत काहीजण साखर उतरावी म्हणून सदाफुलीची पाने चावतात, फुलांचा काढा पितात. हे झाड विषारी आहे. 1952 साली जमैकातून याच समजुतीपायी काही पाने कॅनडात डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे आली. त्यांचे बंधू डॉ. रॉबर्ट नोबल यांनी उंदरांवर तपासणी केली. साखरेवर फारसा परिणाम दिसला नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातूनच त्यांनी व डॉ. चार्ल्स बिअर यांनी 1958 साली व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरचे द्रव्य वेगळे केले. याच झाडातले व्हिनक्रिस्टिन आजही लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर देतात. पण ते शुद्ध करून, मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, शिरेतून. घरच्या काढ्यात किती विष उतरले, हे कोण मोजणार?

म्हणून मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. साखर सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. ऐकीव गोष्ट पारखून घ्यावी, ही तथागतांची शिकवण औषधालाही लागू आहे.

सदाफुली दारात जरूर लावा. पान मात्र लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका आणि शेजाऱ्यांनाही हे सांगा.