घरचं मैदान नक्की कोणाचं? गेलिक फुटबॉलच्या वेळापत्रकावरून आयर्लंडमध्ये एवढी भांडणं का होतात

२०१८ च्या जूनमधली गोष्ट. आयर्लंडमधल्या किल्डेअर काउंटीच्या गेलिक फुटबॉल संघाची गाठ चिठ्ठीने मेयो काउंटीशी पडली. मेयोचा संघ आदल्या दोन्ही वर्षी अंतिम फेरीत पोहोचलेला, आणि हा सामना हरणारा थेट स्पर्धेबाहेर. एका बाबतीत मात्र किल्डेअरचं नशीब चांगलं होतं. चिठ्ठीत त्यांचं नाव आधी निघालं होतं आणि ज्याचं नाव आधी त्याच्या मैदानावर सामना, असा नियम होता. म्हणजे सामना किल्डेअरमधल्या न्यूब्रिज या गावात व्हायला हवा होता.

आयोजकांनी तो डब्लिनच्या क्रोक पार्कवर लावला. कारण दिलं सुरक्षेचं. न्यूब्रिजच्या सेंट कॉनलेथ्स पार्कमध्ये तेव्हा जेमतेम आठ हजार माणसं मावत होती आणि मेयोचे चाहते संघामागे हजारोंनी फिरतात. आत जागा न मिळालेल्यांचं काय करायचं, असा प्रश्न होता.

किल्डेअरचे प्रशिक्षक किअन ओ'नील टीव्हीवरच्या संध्याकाळच्या बातम्यांत आले आणि त्यांनी सांगून टाकलं की आमचा संघ शनिवारी न्यूब्रिजलाच उभा असेल. ‘न्यूब्रिज नाहीतर कुठेच नाही’ ही घोषणा देशभर झाली. आयोजकांनी आधी बजावलं की क्रोक पार्कला आला नाहीत तर सामना मेयोला बहाल करू. पण इतर काउंट्यांचे चाहतेही किल्डेअरच्या बाजूने बोलू लागले आणि आठवडा संपायच्या आत निर्णय फिरवावा लागला. ३० जूनला सामना न्यूब्रिजलाच झाला. किल्डेअरने तो २१-१९ असा जिंकला.

एका सामन्याच्या जागेवरून अख्खा देश का भांडतो, हे कळायला हा खेळ कसा चालतो ते आधी पाहावं लागेल.

पगार नाही, बदली नाही

गेलिक फुटबॉलमध्ये एका बाजूला पंधरा खेळाडू असतात. चेंडू हाताने आणि पायाने, दोन्हींनी खेळता येतो. गोलपोस्ट इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखा. चेंडू आडव्या दांडीवरून गेला तर एक गुण, खालच्या जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. २०२५ पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून दांडीवरून मारलेल्या चेंडूला दोन गुण मिळतात. खेळाचा कारभार गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए ही संस्था बघते. ती १८८४ साली थर्ल्स या गावातल्या एका हॉटेलात स्थापन झाली.

महत्त्वाचं हे की खेळाडूंना पगार नसतो. ऐंशी हजार लोकांसमोर अंतिम सामना खेळलेला माणूस पुढच्या आठवड्यात शाळेत शिकवायला किंवा शेतावर कामाला जातो. संघांमध्ये खेळाडूंची खरेदी-विक्रीही नसते. साधारणपणे ज्या काउंटीचे तुम्ही, त्याच काउंटीकडून खेळायचं. काउंटी लहान असेल तर लहानच राहणार, तिला बाहेरून ताकद विकत आणता येत नाही. अशा खेळात छोट्या संघाच्या हातात उरतं काय? घरचं मैदान, थोडी विश्रांती आणि चिठ्ठीतलं नशीब. यातलं काहीही कोणी टेबलावर बसून काढून घेतलं की लोक चिडतात.

शिवाय इथे चाहता म्हणजे फक्त प्रेक्षक नव्हे. मैदानाचं गवत कापणारा, लहान मुलांना शिकवणारा, दारावर तिकिटं फाडणारा स्वयंसेवक तोच असतो. त्यामुळे ‘आमच्या खेळाचं वेळापत्रक तुम्ही ठरवणारे कोण’ हा सूर फार लवकर लागतो.

क्रोक पार्क: सगळ्यांचं, पण डब्लिनचं जरा जास्त

क्रोक पार्कची क्षमता सुमारे ८२,३०० आहे. मोठे सामने तिथेच होतात आणि तिकिटांच्या पैशावर क्लब, मैदानं, प्रशिक्षण असं सगळं चालतं. जीएएच्या दृष्टीने ते राष्ट्रीय, तटस्थ मैदान. अडचण एवढीच की ते डब्लिनमध्ये आहे आणि डब्लिन हाही स्पर्धेतला एक संघ आहे. त्यातही सगळ्यात मोठ्या लोकसंख्येचा.

डब्लिनचं स्वतःचं पार्नेल पार्क नावाचं मैदान आहे, पण ते लहान. त्यामुळे लेन्स्टर प्रांताच्या स्पर्धेतले डब्लिनचे सामने वर्षानुवर्षं क्रोक पार्कलाच होत. २००६ नंतर थेट २०१६ मध्ये, लीशविरुद्ध किल्केनीला खेळताना, डब्लिन लेन्स्टर स्पर्धेत क्रोक पार्कबाहेर पडला. दहा वर्षं! (तो सामनाही डब्लिननेच आरामात जिंकला, हेही सांगितलं पाहिजे.)

वाद खरा पेटला २०१८ मध्ये. त्या वर्षी शेवटच्या आठ संघांचे दोन गट करण्यात आले. प्रत्येकाने एक सामना घरी, एक प्रतिस्पर्ध्याच्या घरी आणि एक तटस्थ ठिकाणी, म्हणजे क्रोक पार्कवर खेळायचा होता. कागदावर अगदी समतोल. पण डब्लिनने आपलं घरचं मैदान म्हणूनही क्रोक पार्कच दिलं. मग डोनेगलविरुद्धचा ‘तटस्थ’ सामना तिथे आणि रॉसकॉमनविरुद्धचा ‘घरचा’ सामनाही तिथेच. डोनेगलने पुढच्या वर्षी जीएएच्या वार्षिक परिषदेत ठराव मांडला की क्रोक पार्क कोणालाही घरचं मैदान म्हणून देता येऊ नये. ठराव पडला. चॅम्पियन्स ट्रॉफी २०२५ मध्ये भारताचे सगळे सामने दुबईत झाले तेव्हा इतर देशांच्या चाहत्यांनी जी तक्रार केली, तिच्याच जातकुळीची ही तक्रार आहे.

डब्लिनच्या यशाचं श्रेय मैदानाला द्यायचं का? २०१५ ते २०२० सलग सहा वेळा ऑल-आयर्लंड विजेतेपद मिळवणारा तो संघ बहुधा कुठेही जिंकला असता. २०२५ मध्ये डब्लिन लेन्स्टरच्या उपांत्य सामन्यात पोर्टलीशला, म्हणजे क्रोक पार्कबाहेर, मीथकडून हरला आणि त्याची सलग चौदा लेन्स्टर विजेतेपदांची मालिका तुटली, तेव्हा ‘बघा, आम्ही सांगत होतो’ म्हणणारे कमी नव्हते. पण तोवर त्या संघातले अनेक दिग्गज निवृत्त झाले होते. एका सामन्यावरून मैदानाचं वजन काढता येत नाही. तरी मला डोनेगलचं म्हणणं पटतं. निकाल बदलला असता की नाही हा मुद्दाच नाही. तीन वेगवेगळ्या ठिकाणी खेळायचं हा नियम सगळ्यांसाठी असेल, तर एकाला दोनच ठिकाणं चालतात कशी?

मेयोवाल्यांचा २०१४ चा राग

उलट बाजूचं उदाहरणही आहे, आणि ते जास्त गमतीशीर. २४ ऑगस्ट २०१४ ला मेयो आणि केरी यांचा उपांत्य सामना क्रोक पार्कवर बरोबरीत सुटला. सामना पुन्हा खेळवायचा, पण कुठे? क्रोक पार्क पुढच्या शनिवारी आधीच दिलेलं होतं, आणि तेही अमेरिकन फुटबॉलला. पेन स्टेट आणि सेंट्रल फ्लोरिडा या दोन अमेरिकी विद्यापीठांचा सामना तिथे ठरला होता.

मग देशाच्या मुख्य स्पर्धेचा उपांत्य सामना लिमरिकला हलवला. लिमरिक काउंटीची हद्द केरीला लागून आहे आणि दोन्ही मन्स्टर प्रांतातल्या. मेयो पार दुसऱ्या प्रांतातला. सहा दिवसांनी झालेल्या त्या सामन्यात जादा वेळेनंतर केरी ३-१६ विरुद्ध ३-१३ असा, म्हणजे तीन गुणांनी जिंकला आणि पुढे विजेताही झाला. इथे कोणताही नियम मोडला नव्हता. पण भाडेकरूसाठी घरच्या माणसाला बाहेर काढलं, ही भावना मेयोत बरीच वर्षं टिकली.

तारीख पुढे गेली की फायदा कोणाला?

जागेपेक्षा वेळेचा हिशोब अवघड. २०२१ मध्ये केरी आणि टिरोन यांचा उपांत्य सामना १५ ऑगस्टला होता. टिरोनच्या संघात कोविड पसरला. सामना आधी २१ ऑगस्टवर गेला. टिरोनने सांगितलं की तेव्हाही आम्ही खेळू शकत नाही, खेळाडूंच्या तब्येतीचा प्रश्न आहे. नियमावर बोट ठेवलं असतं तर केरी न खेळताच अंतिम फेरीत गेला असता. पण तसं जाणं केरीलाही नको होतं. सामना २८ ऑगस्टला झाला.

टिरोन ३-१४, केरी ०-२२. गुणांत मोजलं तर २३ विरुद्ध २२. केरी एका गुणाने बाहेर! जूनमध्ये साखळी स्पर्धेत याच टिरोनला केरीने चांगलंच झोडपलं होतं, त्यामुळे केरीत ‘खरंच एवढे आजारी होते का’ अशी कुजबुज सुरू झाली. त्या कुजबुजीला आधार काही नव्हता. पण वेळापत्रकाने केरीचं काय केलं ते तारखांतच दिसतं. त्यांचा आधीचा सामना २५ जुलैचा. जवळजवळ पाच आठवडे संघ सामन्याविना बसून होता. दुसरीकडे मेयोने १४ ऑगस्टला डब्लिनला हरवलं होतं आणि ढकलत ढकलत अंतिम सामना गेला ११ सप्टेंबरवर. मेयोला चार आठवडे वाट पाहावी लागली. टिरोनला दोनच आठवडे मिळाले आणि विजेता टिरोनच झाला.

म्हणजे विश्रांती जास्त मिळाली की फायदा, हे गृहीतकच डळमळीत आहे. २०२५ मध्ये ते पुन्हा दिसलं. तेव्हाच्या पद्धतीत गटविजेते थेट उपांत्यपूर्व फेरीत जात आणि दोन आठवडे आराम करत. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या संघांना मध्ये एक जादा सामना खेळावा लागे. डोनेगल लाउथविरुद्ध तो जादा सामना खेळून अवघ्या सहा दिवसांनी मोनाहनसमोर उभा राहिला. हा अन्याय आहे अशी ओरड झाली. डोनेगल जिंकला. केरीही याच लांबच्या वाटेने आला होता आणि त्याने ताज्यातवान्या आर्मावर मात केली. शेवटी अंतिम सामना याच दोघांत झाला. म्हणून सहा दिवस पुरेसे आहेत, असं कोणी म्हणू नये. नोकरी सांभाळून, पगाराविना खेळणाऱ्याच्या गुडघ्यांना ते पुरत नाहीत. फक्त निकालावरून ते सिद्ध करता येत नाही.

प्रांतांचा जुना तिढा

सुरुवातीच्या फेऱ्या चार प्रांतांनुसार होतात आणि प्रांत सारखे नाहीत. अल्स्टरमध्ये नऊ संघ, एकाहून एक चिवट. मन्स्टरमध्ये सहा, आणि त्यात केरी फारच वरचढ. कॉनॉटमध्ये पाच काउंट्या, शिवाय स्थलांतरित आयरिश लोकांचे लंडन आणि न्यूयॉर्क हे दोन संघ. न्यूयॉर्कचा संघ तर ब्रॉन्क्समधल्या आपल्या मैदानावर पाहुण्यांची वाट बघतो. अनेक वर्षं हरत राहून २०२३ मध्ये त्याने लीट्रिमला पेनल्टीवर हरवलं, तेव्हा तिथे दिवाळीच झाली.

२००० पर्यंत एक सामना हरला की वर्ष संपायचं. अल्स्टरमधल्या चांगल्या संघाला हे फार जाचक होतं. २००१ मध्ये ‘मागचं दार’ उघडलं, म्हणजे हरलेल्याला आणखी एक संधी मिळू लागली, आणि पहिल्याच वर्षी गॉलवे त्या दाराने आत येऊन विजेता झाला. मग दुसरी तक्रार आली: एकदा हरलेला जेता कसा? २०२३ ते २०२५ मध्ये गट पद्धत आली, तर चोवीस सामने खेळून सोळातले फक्त चार संघ बाद होत. लोक कंटाळले. २०२६ पासून ते गटही गेले. आता पुन्हा बाद पद्धतीकडे झुकणारी, पण एक पराभव माफ करणारी रचना आली आहे.

आणि क्लबचा खेळाडू?

या सगळ्या गोंगाटात ज्याचा आवाज सगळ्यात उशिरा ऐकू आला तो गावातल्या क्लबचा खेळाडू. बहुतांश खेळाडू काउंटीकडून कधीच खेळत नाहीत. पण काउंटीचा संघ जिंकत राहिला की क्लबचे सामने पुढे ढकलले जात, कारण त्या क्लबचे एक-दोन चांगले खेळाडू तिकडे अडकलेले. लग्नाची तारीख, सुट्टी, परदेशवारी काहीच ठरवता येत नसे. २०१७ मध्ये अशा खेळाडूंनी स्वतःची संघटना काढली आणि वेळापत्रक सुधारा, एवढी एकच मागणी लावून धरली. २०२१ मध्ये ती मान्य झाली: वर्षाचा पहिला भाग काउंटीचा, नंतरचा क्लबचा. मागणी पूर्ण झाल्यावर संघटना विसर्जितही झाली, जे सहसा घडत नाही.

त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. काउंटीचा हंगाम आक्रसला, सामने दाटीवाटीने येऊ लागले आणि २०२२ पासून अंतिम सामना जुलैत होतो. पूर्वी तो सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी असे. शाळा सुरू झालेल्या, संध्याकाळी थंडी पडू लागलेली, आणि काउंटीच्या झेंड्यांनी रस्ते भरलेले. तो सप्टेंबर परत द्या, असं दरवर्षी कोणी ना कोणी म्हणतं. त्याच सप्टेंबरमध्ये आता गावोगावच्या मैदानांवर क्लबचे सामने ठरलेल्या तारखेला होतात.