विश्लेषण : मुदत संपलेल्या कर्जाचा दावा दिवाळखोरीत कसा चालतो?

वसुलीची कायदेशीर मुदत संपलेल्या कर्जावर धनको दिवाळखोरीत दावा लावू शकतो का? अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ‘हो’ असे उत्तर दिले. मग कर्जदाराला संरक्षण कोणते?

प्रकरण काय होते?
अलाबामातील एका महिलेने २०१४ मध्ये ‘चॅप्टर १३’खाली दिवाळखोरीचा अर्ज केला. यात सहसा घरदार न विकता तीन ते पाच वर्षे उत्पन्नातून देणी फेडता येतात. थकीत कर्जे विकत घेणाऱ्या ‘मिडलँड फंडिंग’ने १,८७९.७१ डॉलरचा दावा लावला. खात्यावरील शेवटचा व्यवहार मे २००३ मधला, तर वसुलीची मुदत सहा वर्षांची. हरकत घेतल्यावर दावा फेटाळला गेला. नंतर महिलेने वसुलीतील गैरप्रकारांविरुद्धच्या कायद्याखाली कंपनीवर खटला भरला.

न्यायालय काय म्हणाले?
निकाल ५ विरुद्ध ३ असा कंपनीच्या बाजूने लागला. अलाबामाच्या कायद्यानुसार मुदत संपली तरी देणे नष्ट होत नाही. मुदतीचा मुद्दा हा कर्जदाराने मांडायचा बचाव आहे, असे न्या. स्टीफन ब्रेयर यांनी नमूद केले. शिवाय दावे तपासायला विश्वस्त असतोच. न्या. सोनिया सोटोमायोर यांना हे पटले नाही. विश्वस्ताकडून असा प्रत्येक दावा हेरला जाईल, ही अपेक्षा अवास्तव असल्याचे त्यांचे मत होते.

हरकत घेतलीच नाही तर?
रीतसर दाखल झालेला दावा हरकतीअभावी मंजूर मानला जातो. त्या धनकोलाही वाटा मिळतो आणि इतरांचा वाटा घटतो. योजना अर्धवट राहिली तर कर्जदारही अडचणीत येऊ शकतो, कारण काही राज्यांत थोडी रक्कम भरली तरी मुदत नव्याने मोजली जाते.

विश्वस्ताचे अधिकार किती?
अयोग्य दाव्यावर हरकत घेणे हे त्याचे कर्तव्यच आहे. मात्र अधिकार अमर्याद नाहीत. कर्जदाराने प्रकरण ‘चॅप्टर ७’मध्ये वळवले की ‘चॅप्टर १३’च्या विश्वस्ताचे काम संपते. त्याच्याकडे शिल्लक असलेले, पगारातून जमा झालेले पैसे धनकोंना न वाटता कर्जदाराला परत द्यावेत, असा एकमताचा निकाल न्यायालयाने ‘हॅरिस विरुद्ध विगेलान’ प्रकरणात २०१५ मध्ये दिला.

कर्जदाराने काय पाहावे?
प्रत्येक दाव्यावरील शेवटच्या व्यवहाराची वा भरण्याची तारीख. मुदत उलटलेली दिसली, तर वकिलामार्फत वेळेत हरकत घेणे महत्त्वाचे.