बोलण्याचे तुकडे

दोघं पहिल्यांदाच समोरासमोर बसलेत. तिला काहीतरी बोलायचं आहे, पण तिचा संवादाचा फुगा अजून रिकामा आहे आणि खाली काही तुकडे विखुरलेत. बोटाने एकेक तुकडा सरकवून तो फुगा आपणच भरायचा. भरला की तिचं बोलून होतं. ती काय बोलली ते कळत नाही, कारण फुग्यात शब्दच नसतात. मग त्याचं बोलणं, मग पुन्हा तिची पाळी. या वेळी तुकडे कमी असतात. पुढच्या खेपेला आणखी कमी. बोट सराईतपणे फिरू लागतं, आणि मग एकदम उमजतं, की यांच्या गप्पा रंगल्यात!

हे कुणी सांगितलेलं नसतं. ‘तिची भीड चेपली’ असं वाक्य कुठेही नसतं. ती चेपली, हे आपल्या बोटाला कळतं. हा प्रसंग पहिल्यांदा खेळले तेव्हा मी जागच्या जागी थांबले. गोष्ट कानांनी ऐकता येते, डोळ्यांनी वाचता येते, हे ठाऊक होतं. ती बोटांनाही कळू शकते, हे नवीन होतं.

खेळाचं नाव ‘फ्लोरेन्स’. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात ‘माउंटन्स’ नावाच्या छोट्या स्टुडिओने तो केला आणि १४ फेब्रुवारी २०१८ला, व्हॅलेंटाइन दिवशी, तो फोनवर आला. स्टुडिओचे संस्थापक केन वाँग त्याआधी ‘मॉन्युमेंट व्हॅली’ या २०१४च्या गाजलेल्या खेळाचे प्रमुख रचनाकार होते. पंचवीस वर्षांची फ्लोरेन्स यो आणि चेलो वाजवणारा, भारतीय वंशाचा क्रिश हेमराजानी यांची ही गोष्ट. वीस छोटी प्रकरणं, संवाद जवळजवळ शब्दांविना, आणि सगळं मिळून तासभरही लागत नाही.

गोष्ट वाचणाऱ्याच्या हाताला काम कसं द्यायचं, हा या खेळाने सोडवलेला प्रश्न जुना आहे. जपानमध्ये ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ नावाचा प्रकार रुजला. मागे एखाद्या जागेचं चित्र, पुढे उभं पात्र, खाली मजकुराची चौकट. बटण दाबलं की पुढचं वाक्य. म्हणजे चित्रं आणि संगीत असलेली, वाचायची गोष्टच. तिचा पूर्वज म्हणून युजी होरिई यांच्या १९८३च्या खूनरहस्याचं, ‘पोर्टोपिया’चं नाव घेतात. ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ हे नाव मात्र नव्वदच्या दशकात ‘लीफ’ या कंपनीच्या मालिकेमुळे रूढ झालं. नुसतं ‘पुढे, पुढे’ करत वाचण्यापेक्षा वाचणाऱ्याच्या हाताला काही काम द्यावं, असं करणाऱ्यांना वाटणं स्वाभाविकच. त्यासाठी सगळ्यात जवळचं साधन म्हणजे कोडं.

पण गोष्ट आणि कोडं यांचं मुळातच जमत नाही. गोष्टीला वाहायचं असतं, कोड्याला अडवायचं असतं. गोष्ट म्हणते, ‘पुढे काय झालं माहितेय?’ कोडं म्हणतं, ‘आधी मला सोडव.’ समजा, नायिका आगीत अडकली आहे आणि दाराचं कुलूप चार आकडी संख्येने उघडतं. आकडा लगेच सापडला तर ठीक. नाही सापडला, तर वाचणारा अर्धा तास डोकं खाजवत बसतो आणि आग बिचारी तेवढा वेळ तिथल्या तिथे लवलवत राहते. मघाशी वाटलेली धाकधूक विरते, उरतो तो वैताग. उलट कोडं अगदीच सोपं ठेवलं, तर ते गोष्टीच्या वाटेवरचा टोलनाका होऊन बसतं. थांबा, पैसे टाका, पुढे जा.

दुसरा उपाय म्हणजे वाचणाऱ्याला निवड करू देणं. तिने नोकरी सोडावी की नाही? त्याला फोन करावा की नाही? पण दहा ठिकाणी दोन-दोन पर्याय ठेवले आणि प्रत्येकाने गोष्ट खरोखर वेगळी वळवली, तर १,०२४ वाटा तयार होतात. दोन-चार जणांच्या चमूने एवढं लिहायचं कधी? स्वतंत्रपणे, स्वतःच्या बळावर खेळ करणाऱ्या मंडळींना, ज्यांना ‘इंडी’ म्हणतात, हे परवडणारंच नसतं. त्यांना असं काहीतरी शोधावं लागतं की गोष्ट एकच राहील, फार तर तिला थोडे फाटे फुटतील, तरी ती ‘आपल्या हातून’ घडते आहे असं वाटेल.

‘फ्लोरेन्स’चं उत्तर थक्क करणारं आहे. इथे कोडं गोष्टीच्या मध्ये उभं केलेलं नाही. गोष्टीतल्या भावनेचा जो आकार, तोच कोड्याचा आकार. सुरुवातीला फ्लोरेन्सचं आयुष्य कंटाळवाणं आहे, म्हणून आपली कामंही तशीच: गजर बंद करा, ब्रश डावी-उजवीकडे घासा, ऑफिसात सारखे आकडे जुळवा. कुणी म्हणेल, हे कसलं कोडं, यात डोकं कुठे लागतं? लागत नाहीच, आणि लागू नये हीच तर योजना आहे. तिच्या दिवसात जेवढा जीव आहे, तेवढाच आपल्या बोटांच्या हालचालीत.

मग क्रिश भेटतो आणि ते फुग्याचे तुकडे येतात. पुढे दोघं एकत्र राहू लागतात, तेव्हा त्याच्या वस्तूंना घरात जागा करायची असते. फळीवर जागा मोजकी. तिची कुठली वस्तू राहू द्यायची आणि कुठली काढून ठेवायची, हे आपण ठरवायचं. बरोबर-चूक असं उत्तर नाही, गुण नाहीत. तरीही तिची एखादी वस्तू उचलताना हात अडखळतो.

भांडण होतं तेव्हा पुन्हा तेच फुगे, तेच तुकडे. पण आता त्यांच्या कडा टोकदार आहेत. मघाशी गोलसर, एकमेकांत अलगद बसणारे तुकडे होते, आता कोपरे टोचतात. खेळ तोच, नियम तेच, फक्त आकार बदलला. आणि लाजेची गोष्ट अशी, की आपण ते भराभर लावू लागतो. समोरच्याचं ऐकण्याआधी आपलं उत्तर तयार! भांडताना माणूस नेमका असाच वागतो. नातं ताणलं जातं तेव्हा एक चित्र तुकड्यांत समोर येतं. इतका वेळ तुकडे जुळवून बोट तरबेज झालेलं असतं, आपण विश्वासाने जोडायला जातो, आणि तुकडे एकमेकांपासून दूर सरकत राहतात. सुटणार नाही असं कोडं देणं हा कोडं रचणाऱ्याचा गुन्हाच समजतात. इथे तो गुन्हा नाही, कारण सुटत नाही हीच त्या प्रकरणाची गोष्ट आहे.

हाच विचार अगदी वेगळ्या वाटेने गेलेला दिसतो तो व्हेनेझुएलात. कराकसमधल्या ‘सुकेबान गेम्स’ने २०१४च्या एका गेम-जॅमसाठी, म्हणजे ठरावीक मुदतीत खेळ करायच्या उपक्रमासाठी, एक छोटा नमुना केला होता. त्यातून २०१६मध्ये पूर्ण व्हिज्युअल नॉव्हेल उभी राहिली. नाव लिहितात ‘व्हीए-११ हॉल-ए’ आणि वाचतात ‘व्हल्हाला’. देश टंचाईने आणि महागाईने पिचलेला असताना हा खेळ घडत होता, आणि त्यातलं भविष्यातलं ‘ग्लिच सिटी’ हे शहरही तसंच पिचलेलं आहे. आपण जिल नावाची बारटेंडर. शहर वाचवणं वगैरे आपल्या हाती नाही. गिऱ्हाईक येतं, मन मोकळं करतं, आणि आपण त्याला पेय बनवून द्यायचं.

या खेळात जिलने काय बोलावं, हे निवडायची सोयच नाही. निवड असते ती फक्त ग्लासात. पाच घटक, त्यांचं प्रमाण, बर्फ घालायचा की नाही, पेय मुरवायचं की नाही, किती वेळ हलवायचं. कुणी नाव घेऊन मागतं, कुणी ‘काहीतरी गोड दे’ म्हणतं, आणि नेहमीचं गिऱ्हाईक ‘नेहमीचं’ मागतं तेव्हा ते नेहमीचं कुठलं हे आपण लक्षात ठेवलेलं असावं लागतं. म्हणजे कोडं सुटायला हवं असेल तर माणसांचं बोलणं मन लावून वाचायला हवं. गोष्ट वाचणं आणि कोडं सोडवणं ही दोन कामं उरतच नाहीत. चुकलं तर पैसे बुडतात, पण गोष्ट थांबत नाही. गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं आणि बोलणं पुढे चालू राहतं. चुकीलाही गोष्टीत जागा आहे.

त्यातली एक बारीकशी युक्ती मला फार आवडते. घरी गेल्यावर जिलला कधी एखादी वस्तू घ्यावीशी वाटते. घरभाड्याच्या काळजीने आपण ती घेतली नाही, तर दुसऱ्या दिवशी तिचं कामात लक्ष लागत नाही. एरवी पेय बनवताना गिऱ्हाइकाने काय मागितलं ते पडद्यावर दिसतं. त्या दिवशी ते दिसत नाही, आपल्यालाच आठवावं लागतं. तिचं मन थाऱ्यावर नाही, म्हणून आपलं कोडं अवघड. दोन-दोन पानं लिहून जे वाचकाच्या गळी उतरलं नसतं, ते एक ओळ पुसून साधलं.

कोडं आणि गोष्ट यांचा समतोल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तराजू येतो. या पारड्यात थोडं कोडं, त्या पारड्यात थोडी गोष्ट. ‘फ्लोरेन्स’ आणि ‘व्हल्हाला’ पाहिल्यावर मला वाटतं, तराजूच चुकीचा आहे. तबला आणि गाणं यांचं वजन कुणी करत नाही. सम एकत्र येते की नाही, एवढंच पाहतात. कोडं किती अवघड, किती लांब, किती वेळा, हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न हा, की या क्षणी पात्राच्या मनात जे चाललंय तेच माझ्या हातांना करावं लागतंय का? ते जुळलं तर दात घासणंही कोडं होतं. नाही जुळलं, तर जगातलं सर्वांत हुशार कुलूपही नुसतं कुलूपच राहतं.

‘फ्लोरेन्स’च्या शेवटाकडे एक प्रकरण आहे. नातं संपलंय. ती चालते आहे आणि तिच्या मनातला क्रिश अजून सोबत चालतो आहे. आतापर्यंत प्रत्येक वेळी काहीतरी सरकवलं, जुळवलं, भरलं की गोष्ट पुढे गेली, म्हणून बोट सवयीने पुढे येतं. पण इथे त्याचा उपयोग नसतो. बोट उचलायचं आणि थांबायचं. काहीही न करता थांबायचं. मग तो हळूहळू मागे पडतो, विरतो. मी तिथे बराच वेळ बोट अधांतरी धरून होते. ते खाली येऊ न देणं इतकं कठीण जाईल, असं मला वाटलं नव्हतं.