ईदनंतरचा सोमवार

रमजानच्या महिन्यात मशिदीच्या आवारात कामाला तरुण मुलांची उणीव भासत नाही. कुणी इफ्तारसाठी फळे कापतो, कुणी सरबताचे पेले भरतो, कुणी फितऱ्याचे धान्य गरजूंच्या घरी पोहोचवतो. मग ईदचा चंद्र दिसतो, घरोघरी शिरखुर्मा होतो आणि ही धावपळ थांबते. वृद्धाश्रमातल्या आजोबांना मात्र ईदनंतरच्या सोमवारीही वर्तमानपत्र वाचून दाखवणारे कुणीतरी हवे असते.

थोडे असले तरी नेमाने केलेले काम अल्लाहला अधिक प्रिय असते, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. सेवेची इच्छा सर्वच धर्मांच्या तरुणांत असते. तिला नेम लावून देणारी व्यवस्था लागते.

आपल्याकडे अशी व्यवस्था आहे. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांतील सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि दत्तक गावात सात दिवसांच्या शिबिरात राहायचे, असा तिचा नियम. या तासांनी अनेकांना घडवले. पण कधी कधी तास भरणे हेच काम होऊन बसते. एके दिवशी तीस मुले येऊन अंगण झाडतात, फोटो निघतो, पुढचे तीन महिने कुणी फिरकत नाही. वहीत तास भरलेले असतात, संस्थेची गरज तशीच राहते.

जर्मनीत याचा वेगळा विचार झाला. तिथे १९६४मध्ये ‘स्वयंसेवी सामाजिक वर्षा’चा कायदा झाला. शाळा संपलेली, २७ वर्षांखालील मुले-मुली साधारण एक वर्ष एकाच रुग्णालयात, वृद्धाश्रमात किंवा अपंगांच्या संस्थेत काम करतात. त्यांना हातखर्च आणि विमा मिळतो, मार्गदर्शक नेमलेला असतो आणि वर्षभरात २५ दिवस प्रशिक्षणाचे असतात. वर्षभर एकच चेहरा दिसला की आजारी माणसाचाही संकोच जातो.

आपल्या गावात एवढा पसारा नको. संस्थेने काम नेमके सांगावे, शिकवणारा एक माणूस द्यावा, वार आणि वेळ ठरवावी. येता येणार नसेल, तर आदल्या दिवशी कळवण्याची शिस्त तरुणाने पाळावी. दृष्टिहीन विद्यार्थ्याचा लेखनिक व्हायचे कबूल करून ऐन परीक्षेला कुणी गेलेच नाही, तर काय होईल? त्या विद्यार्थ्याला उत्तरे येत असूनही त्याचा पेपर कोरा राहील. मदत मिळणारच नाही, हे आधी कळले असते तर त्याने दुसरा कुणी शोधला असता. मोडलेला शब्द न दिलेल्या मदतीपेक्षा महाग पडतो.

आठवड्याला दोन तास दिले तरी वर्षाला शंभराहून अधिक तास होतात. रोजेदाराला वेळेची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. समोर खजूर असतो, घसा कोरडा असतो, तरी सूर्यास्तापूर्वी एक मिनिटही हात पुढे जात नाही. महिनाभर अंगी बाणलेली ही शिस्त ईदनंतरच्या सोमवारी वृद्धाश्रमाच्या दारात ठरल्या वेळी उभी राहिली, तर आजोबा चष्मा पुसून वर्तमानपत्र पुढे करतील.