पोचला, पण कुठे?

२०२० च्या फेब्रुवारीत अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीची चुरस रंगात आली होती. त्याच महिन्यात ‘द मार्कअप’ या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने एक वेगळीच मोजणी प्रसिद्ध केली. तिच्या पत्रकारांनी जीमेलवर कोरे खाते उघडले, उमेदवारांच्या आणि इतर राजकीय गटांच्या प्रचारयाद्यांत त्याचा पत्ता नोंदवला आणि काही महिने कोणता मेल कुठे जाऊन पडतो याची नोंद ठेवली. पीट बुटिजेज यांचे ६३ टक्के मेल मुख्य इनबॉक्समध्ये आले. अँड्र्यू यांग यांचे ४६ टक्के. एलिझाबेथ वॉरन यांचा एकही नाही. पाच हजारांहून अधिक मेलपैकी जेमतेम ११ टक्के मुख्य इनबॉक्सपर्यंत पोचले होते. सुमारे निम्मे ‘प्रमोशन्स’ कप्प्यात गेले आणि ४० टक्क्यांच्या आसपास थेट स्पॅममध्ये.

प्रचार कचेऱ्यांच्या हिशेबात मात्र हे सगळे मेल पोचलेलेच होते. ईमेल-जाहिरातीच्या धंद्यातली सगळ्यात मोठी गफलत नेमकी इथे आहे.

मेल पाठवणारा सर्व्हर घेणाऱ्या सर्व्हरशी बोलतो, तेव्हा शेवटी समोरून ‘२५०’ असा सांकेतिक आकडा येतो. त्याचा अर्थ एवढाच, की मेल स्वीकारला. स्वीकारल्यावर तो इनबॉक्समध्ये ठेवला, प्रमोशन्समध्ये ढकलला की स्पॅममध्ये टाकला, हे समोरचा सर्व्हर कधीच सांगत नाही. त्यामुळे ‘आमची डिलिव्हरी ९८ टक्के’ या दाव्यातून फक्त दोनच टक्के मेल परत आले एवढे कळते. बाकीचे कुणाला दिसले का, हे त्यातून कळत नाही.

ते कळावे म्हणून रिटर्न पाथसारख्या कंपन्यांनी एक युक्ती काढली. जीमेल, याहू, आउटलुक अशा सेवांवर स्वतःची चाचणी-खाती उघडायची, ती ग्राहक कंपनीच्या यादीत मिसळायची आणि मेल गेल्यावर प्रत्येक खात्यात डोकावून पाहायचे. रिटर्न पाथच्या २०१५-१६ च्या अहवालांत निष्कर्ष होता, की रीतसर परवानगी घेऊन पाठवलेल्या व्यापारी मेलपैकीही पाचातला एक इनबॉक्सपर्यंत जात नाही. २०१९ मध्ये रिटर्न पाथ विकत घेणाऱ्या व्हॅलिडिटीने पुढे हे प्रमाण सहांत एक असे सांगितले. हे आकडे जपूनच वाचायला हवेत. चाचणी-खात्यामागे माणूस नसतो. तिथे कुणी मेल उघडत नाही, उत्तर देत नाही, वैतागत नाही. आणि खऱ्या खात्यात मेल कुठे पडणार हे बऱ्याच अंशी या वागण्यावरच ठरते.

मेल उघडला का, हे ओळखायचा जुना मार्गही आता भरवशाचा राहिलेला नाही. मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारे एक टिंबभर चित्र लपवलेले असते आणि ते उतरवून घेतले गेले की पाठवणाऱ्याला कळते. सप्टेंबर २०२१ पासून अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमध्ये गोपनीयतेचा पर्याय निवडलेला असेल, तर ही चित्रे वाचकाने मेल उघडण्याआधीच परस्पर उतरवली जातात. कागदावरचा ‘उघडण्याचा दर’ त्यामुळे फुगतो आणि वाचक आहे तिथेच राहतो.

एकगठ्ठा जाहिरात-मेलच्या या सगळ्या खेळाची सुरुवात ३ मे १९७८ ला झाली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे विक्री अधिकारी गॅरी थर्क यांनी अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वसुरी नेटवर्कवरच्या सुमारे ४०० जणांना नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण एकाच वेळी पाठवले. पत्ते इतके होते, की त्यासाठी ठरलेल्या जागेत ते मावले नाहीत आणि उरलेले मजकुरातच सांडले. नेटवर्कवर संताप उसळला, थर्क यांना तंबी मिळाली. पण त्या मोहिमेतून कोट्यवधी डॉलरचे संगणक विकले गेले, असे थर्क नंतर सांगत आले.

१९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी मेल वाहून नेण्याचे जे नियम लिहिले, ते आजही पायाशी आहेत. तेव्हाचे नेटवर्क लहान होते, एकमेकांवर विश्वास ठेवणाऱ्या संशोधकांचे होते. त्यामुळे पाकिटावर प्रेषक म्हणून कुणाचेही नाव लिहावे आणि पोस्टाने ते न तपासता पुढे न्यावे, तसा हा कारभार राहिला. पुढची चाळीस वर्षे ती एक उणीव भरून काढण्यात गेली आहेत.

पहिली फळी शब्दांची होती. २००२ च्या ऑगस्टमध्ये पॉल ग्रॅहम यांनी एका गाजलेल्या निबंधात संभाव्यतेवर चालणारा फिल्टर मांडला. आलेल्या मेलमधला प्रत्येक शब्द याआधी स्पॅममध्ये किती वेळा आणि चांगल्या मेलमध्ये किती वेळा आला होता, यावरून तो निकाल देई. स्पॅम पाठवणारे मग शब्द मोडूनतोडून लिहू लागले, मजकूर चित्रात दडवू लागले. दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल, असे बिल गेट्स यांनी जानेवारी २००४ मध्ये दावोसला सांगितले होते. तो सुटला नाही, पण तपासणीची दिशा बदलली. मेलमध्ये काय लिहिले आहे यापेक्षा तो कुणी पाठवला आणि लोक त्याच्याशी कसे वागतात, याला महत्त्व आले.

‘कुणी पाठवला’ याचे उत्तर तीन नोंदींतून मिळते. एसपीएफ ही नोंद सांगते, की या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची मुभा कोणत्या सर्व्हरना आहे. डीकेआयएम प्रत्येक मेलवर अशी डिजिटल सही करते, की वाटेत मजकूर बदलला तर ती जुळत नाही. आणि २०१२ मध्ये पुढे आलेले डीमार्क समोरच्या सर्व्हरला सांगते, की या तपासण्यांत मेल नापास झाला तर त्याचे काय करायचे. तिन्ही नोंदी चोख असल्या तरी इनबॉक्स मिळतोच असे नाही. त्यांनी फक्त ओळख पटते. ठगही स्वतःच्या डोमेनवर या नोंदी करू शकतो.

खरा निकाल वाचक देतात. ‘स्पॅम कळवा’ या बटणावर पडलेले प्रत्येक बोट पाठवणाऱ्याच्या खात्यावर जमा होते. स्पॅममधून उचलून इनबॉक्समध्ये ठेवलेला मेल, दिलेले उत्तर, महिनोन्‌महिने न उघडता पुसून टाकलेले मेल, यांचीही नोंद होते. शिवाय सापळे असतात. स्पॅमहाउससारख्या संस्था असे पत्ते राखून ठेवतात, जे कोणत्याही माणसाने कधी वापरलेले नाहीत. असा पत्ता एखाद्या यादीत सापडला, की ती यादी विकत घेतलेली किंवा इंटरनेटवरून खरवडलेली आहे हे उघड होते.

नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये मांडलेला अभ्यास या दृष्टीने मुळातून पाहण्यासारखा आहे. २०२० च्या निवडणुकीआधीचे आणि नंतरचे मिळून पाच महिने त्यांनी १०२ खात्यांवर तीन लाखांहून अधिक प्रचारमेल गोळा केले. जीमेलने उजव्या उमेदवारांचे मेल डाव्यांच्या तुलनेत ५९.३ टक्के जास्त प्रमाणात स्पॅममध्ये टाकले होते, तर आउटलुक आणि याहूचा कल उलटा, डाव्यांच्या विरुद्ध निघाला. या आकड्यांवरून मोठे राजकीय वादळ उठले. ऑक्टोबर २०२२ मध्ये रिपब्लिकन नॅशनल कमिटीने गूगलवर दावा लावला. महिनाअखेरीस, देणग्या सर्वांत जास्त येतात त्या दिवसांत, आपले मेल स्पॅममध्ये जातात अशी तिची तक्रार होती. गूगलने दुष्ट हेतूने हे केल्याचे पुरेसे मांडलेले नाही, असे म्हणत न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दावा फेटाळला. गदारोळात अभ्यासाचा एक निष्कर्ष मागे पडला, आणि तोच अधिक मोलाचा होता: वापरकर्त्याने मेल स्पॅममधून इनबॉक्समध्ये हलवायला सुरुवात केली, की जीमेलचा कल लक्षणीय कमी झाला.

वाचकाच्या या कौलाला नियमाचे बळ फेब्रुवारी २०२४ मध्ये मिळाले. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांना गूगलने तिन्ही नोंदी सक्तीच्या केल्या. एका टिचकीत यादीतून बाहेर पडण्याची सोय आणि दोन दिवसांत तिची अंमलबजावणी हेही बंधन घातले. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खालीच राहायला हव्यात, म्हणजे हजार जणांत तिघे वैतागले तरी धोक्याची रेषा गाठली. याहूने असेच नियम त्याच वेळी आणले, मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये. गूगलच्या सांगण्यानुसार २०२४ मध्ये ओळख न पटलेले २६५ अब्ज मेल कमी झाले.

भारतात हे नियम अधिक जाणवतात, कारण व्यापारी ईमेलसाठी अमेरिकेच्या २००३ च्या कॅन-स्पॅमसारखा स्वतंत्र कायदा इथे नाही. व्यापारी एसएमएसवर दूरसंचार नियामक ‘ट्राय’चे २०१८ चे नियम आहेत, पण ईमेल त्यांच्या कक्षेत येत नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे हवे, अशी तरतूद आहे. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. तोवर भारतीय वाचकाच्या इनबॉक्सचे रक्षण प्रत्यक्षात परदेशी मेलसेवांच्या नियमांवरच चालले आहे, आणि ही स्थिती समाधानाची नाही.

मोठ्या बँका आणि दुकाने हे काम मुंबईच्या नेटकोरसारख्या कंपन्यांवर सोपवतात. अडचण होते ती लहानांची. छोटा प्रकाशक, हौशी नाट्यसंस्था, परगावचे महाराष्ट्र मंडळ यांची यादी प्रामाणिक असते, वाचकांनी स्वतःहून पत्ते दिलेले असतात आणि तरी कार्यक्रमाचे आमंत्रण स्पॅममध्ये जाते. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० जणांच्या पलीकडे पाठवता येत नाही. मग एखादी मेल पाठवणारी सेवा घेतली जाते, पण प्रेषक म्हणून संस्थेचा जीमेलचाच पत्ता ठेवला जातो. त्या सेवेचा सर्व्हर जीमेलचा नसल्याने डीमार्कची तपासणी तिथेच फसते. यावर उपाय आहे आणि तो महागही नाही. संस्थेचे स्वतःचे डोमेन घ्यावे, त्यावर तिन्ही नोंदी कराव्यात, पहिल्या दिवशी सगळ्या यादीला न पाठवता आवर्जून वाचणाऱ्यांपासून सुरुवात करून संख्या हळूहळू वाढवावी. वर्षभरात एकही मेल न उघडणाऱ्या किंवा उत्तर न देणाऱ्यांना एकदा विचारावे आणि होकार आला नाही तर नाव काढून टाकावे. यादी लहान झाल्याचे दुःख बहुतेकांना होते, पण उरलेल्यांपर्यंत मेल पोचू लागतो.

नियमितपणे मेल पाठवणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या जीमेलमध्ये ‘सदस्यत्वे व्यवस्थापित करा’ हे पान उघडून पाहावे. जुलै २०२५ पासून येऊ लागलेल्या या सोयीत, वाचकाला मेल धाडणाऱ्या सगळ्यांची यादी एकाच ठिकाणी दिसते, प्रत्येकाने अलीकडे किती मेल पाठवले तेही कळते आणि नावासमोरच बंद करण्याचे बटण असते. सर्वांत जास्त मेल पाठवणारा त्या यादीत सर्वांत वर असतो.