यिनचुआनहून : कालव्याच्या तळातला दगड

चीनने सीमा कशी राखली, असं विचारलं की आपल्याकडे कोणीही भिंतीकडे बोट दाखवतं. भिंत इथंही आहे. यिनचुआनच्या पश्चिमेला, हेलान डोंगरात तिचे मातीचे अवशेष दिसतात. पण भिंतीवरच्या शिपायाला दोन वेळा जेवायला लागतं, आणि इथं पाऊस वर्षाला जेमतेम 200 मिलिमीटर. आपला माण तालुका त्यापुढे हिरवागार म्हणायचा.

मिंग काळात निंगशिया, म्हणजे हाच यिनचुआनचा मुलूख, ही मंगोलांच्या तोंडावरच्या नऊ मोठ्या छावण्यांपैकी एक होती. शिपाईच शेती करत आणि कालव्यातही तेच उतरत. पीत नदीतून काढलेले तांगलाय, हानयान हे कालवे तेव्हाही जुनेच होते. ही नदी पाण्याबरोबर एवढा गाळ देते की तो वेळेवर काढला नाही तर छावणी उपाशी राहायची. पुढे चिंग राजवटीत गाळ काढायचं काम शेतकऱ्यांच्या अंगावर आलं : 60 मू, म्हणजे सुमारे नऊ एकर जमिनीमागे एक माणूस, तीस दिवस. चिंगमिंगच्या सणाला, एप्रिलच्या सुरुवातीला काम सुरू, मेच्या सुरुवातीला पाणी सुटणार. तारीख पंचांगाने ठरवलेली. उद्घाटनाला कोण येणार, याची वाट नाही.

ही वेठच होती, गोड मानायचं कारण नाही. बड्या घरांनी ती चुकवायची आणि लहानांनी दुप्पट उपसायचं, हेही इथं चालत असे.

पण मला हेवा वाटतो तो दगडाचा. 1731 मध्ये तांगलायची दुरुस्ती करताना तळात खुणेचे दगड पुरले. गाळ काढताना तो दगड उघडा पडला तर काम झालं. नाही पडला तर पुन्हा फावडं उचला. आमच्या चारीवर गाळ निघतो तो मोजमाप पुस्तिकेत. एका उन्हाळ्यात ‘साफसफाई पूर्ण’ असं लिहून बिल निघालं आणि आठवड्याने बघतो तर चारीतली बेशरमाची झुडपं माझ्या खांद्याएवढी. पाटकऱ्याला विचारलं तर म्हणाला, “साहेब, ही नंतर उगवली.” आठवड्यात खांद्याएवढी!

दुसरी गोष्ट आणखी झोंबणारी. पाणी सुटलं की इथं वरची दारं बंद करून ते आधी शेपटाला पोचवत, मग वर वर येत. हे मी गावी फोनवर सांगितलं तर चुलते हसले. “आपल्यातबी ‘टेल टू हेड’च हाय की!” खरंच आहे. आपल्याकडे 2005 चा सिंचन व्यवस्थापनाचा कायदा आहे, पाणीवापर संस्था आहेत, बैठकीचा चहाही आहे. आवर्तन सुटतं तेव्हा वरच्या अंगाचा ऊस रात्री सायफन टाकतो आणि शेपटाचा माणूस तहसीलवर मोर्चा नेतो. धुळ्याकडच्या फड पद्धतीत गावकरी पाण्याची पाळी आपापसात लावत आणि पाटही साफ ठेवत. म्हणजे आपल्याला हे येत नव्हतं, असंही नाही. म्हणून तर चीड येते.

तांगलाय आजही या शहराच्या मधून वाहतो. निंगशियाच्या कालव्यांना 2017 मध्ये जागतिक सिंचन वारशाचा मान मिळाला. पाटबंधारे खात्यातल्या वाचकांना एकच विनंती : पुढचं आवर्तन सुटण्याआधी एखाद्या चारीच्या तळाला दगड पुरा, आणि बिलावर सही करण्याआधी तो बघायला स्वतः जा.